ओव्हरडब करताना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही? गेनला हात लावण्याआधी हे पाहा

ओव्हरडब म्हणजे आधी रेकॉर्ड केलेलं ऐकत त्यावर नवा थर चढवणं. त्यात पहिल्या ट्रॅकला काही अडत नाही. पेटी वाजवली, परत लावून ऐकली, बरी वाटली. दुसऱ्या फेरीत तबला झाला, मग टाळ. चौथ्या फेरीला गायला बसलं की हेडफोनमध्ये आधीचं सगळं अंगावर येतं आणि आपला गळा त्यात कुठे बुडाला ते कळत नाही. हात आपोआप इंटरफेसवरच्या (माइक कंप्युटरला जोडणारा डबा) गेनकडे, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणाऱ्या नॉबकडे जातो. थोडा वाढवला की ऐकू येतं, जीव भांड्यात पडतो. टेक संपल्यावर पाहावं तर तार षड्ज फाटलेला. गेन उतरवला की पुन्हा पहिले पाढे. मग पेटीचा फेडर (त्या ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) खाली, तबल्याचा खाली, आणि दोन तास बसून जमवलेला समतोल मोडतो तो मोडतोच.

मागच्या आषाढीच्या आधी आमच्या भजनी मंडळाचे चार अभंग मी घरीच, डोंबिवलीच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत रेकॉर्ड केले. मुख्य आवाज मोठ्या मावशीचा, पेटी माझी, तबला एका मित्राचा, पखवाज आणि टाळ मंडळातल्याच दोघांचे. एक कंडेन्सर माइक, दोन इनपुटचा इंटरफेस, एक लॅपटॉप, त्यावर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. चारही अभंगांत हीच अडचण आली, आणि दर वेळी चौथ्या-पाचव्या ट्रॅकलाच. पहिल्याला कधीच नाही. चौथ्यालाच का, हे शोधायला बसलो तेव्हा गाठ सुटली.

आधीच्या ट्रॅकचं वजन वाढत जातं

हिशेब साधा आहे. सारख्या पातळीच्या पण वेगवेगळ्या वाद्यांच्या ट्रॅकची संख्या दुप्पट झाली की त्यांची बेरीज साधारण ३ डेसिबलने वाढते. एक पेटी असताना जी पातळी होती, ती दोन ट्रॅकला ३ डेसिबल वर, चार ट्रॅकला ६, आठ ट्रॅकला ९. कोणताही फेडर न हलवता. १० डेसिबलची वाढ कानाला जवळपास दुप्पट मोठी वाटते, म्हणजे आठव्या ट्रॅकपर्यंत मागचं संगीत पहिल्या दिवसाच्या दुप्पट जोराने कानात येत असतं.

आता गाणारा जो स्वतःला ऐकतोय तो आवाज बहुतेक वेळा डायरेक्ट मॉनिटरिंगमधून येतो: माइकमधून इंटरफेसमध्ये आणि तिथूनच हेडफोनमध्ये. तो कंप्युटरमध्ये जाऊन येत नाही, त्यामुळे त्याची पातळी पहिल्या ट्रॅकला होती तेवढीच राहते. एक बाजू दर ट्रॅकला चढते, दुसरी जागच्या जागी. चौथ्या फेरीला तराजू कलणारच.

यापुढे आपण जे करतो त्याने दुखणं आणखी वाढतं. मागचं मोठं वाटतं म्हणून हेडफोनचा नॉब खाली घेतो. त्याने मागचंही खाली जातं आणि आपणही. मग स्वतःला ऐकण्यासाठी गेन वाढवतो. त्यामुळे हा नवा ट्रॅक आधीच्यांपेक्षा मोठ्या पातळीवर रेकॉर्ड होतो, आणि पुढच्या ओव्हरडबला तो इतरांच्या उरावर बसतो. माझ्या तिसऱ्या अभंगात पखवाज याच चक्रातून उणे ३ डेसिबलपर्यंत गेला होता (मीटरवर शून्य ही कमाल, त्यापुढे आवाज फाटतो) आणि पेटी बिचारी उणे २० वर होती.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आणि त्यानंतर तो मोडला नाही: गेनचा नॉब माइकसाठी आहे, कानासाठी नाही. ऐकण्याची कोणतीही तक्रार आली की गेन सोडून बाकी सगळ्याला हात लावायचा.

आधी हे ठरवा: तुमचा आवाज कानापर्यंत कुठून येतो

पातळीचं काही करण्याआधी दोन मिनिटांची एक तपासणी करून घ्या, कारण इथे घोळ असेल तर पुढचं सगळं वाया जातं. सॉफ्टवेअरमध्ये नवा ट्रॅक घ्या, रेकॉर्डसाठी तयार करा, पण त्याचं मॉनिटरिंगचं बटण बंद ठेवा. प्ले दाबू नका. माइकसमोर बोला.

आवाज एकदाच, स्वच्छ आणि ताबडतोब आला तर डायरेक्ट मॉनिटरिंग चालू आहे. काहीच ऐकू आलं नाही तर ते बंद आहे, आणि आतापर्यंत तुम्ही सॉफ्टवेअरमधून ऐकत होता. मॉनिटरिंगचं बटण बंद असूनही आवाज जरा उशिराने, प्रतिध्वनीसारखा येत असेल तर तिसराच कुणीतरी मध्ये आहे. विंडोजमध्ये माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ नावाची एक खूण असते. कधीतरी ऑनलाइन बैठकीसाठी कुणी ती केलेली असते आणि ती तशीच राहते. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथलं सॉफ्टवेअर प्लेथ्रूही (माइकचा आवाज परत हेडफोनला देणारी सोय) पाहा.

दोन वाटा एकाच वेळी चालू असणं हे या प्रश्नाचं सगळ्यात फसवं रूप. आवाज दोनदा येतो पण इतक्या कमी अंतराने की दोन वेगळे आवाज कळत नाहीत. फक्त गळा पोकळ, पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखा वाटतो. गाणाऱ्याला वाटतं आपला आवाज कमी पडतोय. प्रत्यक्षात तो कमी नसतो, खोडला जात असतो. समजा दोन प्रतींमध्ये ६ मिलिसेकंदांचं अंतर आहे. तर साधारण ८३, २५० आणि ४१७ हर्ट्झच्या आसपासचे सूर एकमेकांना मारतात, आणि असंच वर वर चालू राहतं. दोन्ही प्रती सारख्या पातळीच्या असतील तर खड्डे फार खोल पडतात. मावशीची पट्टी काळी ३. त्या षड्जाचा मध्यम साधारण २४७ हर्ट्झला येतो, म्हणजे नेमका खड्ड्यात. ती म्हणत होती, “अरे, बाकी सगळं येतंय, मध्यमावर मी मलाच सापडत नाहीये.” मी अर्धा तास तिला माइकच्या जवळ-लांब बसवत राहिलो. दोष रीपरमधल्या मॉनिटरिंगच्या बटणात होता. डायरेक्टसोबत तेही चालू राहिलं होतं. बंद केलं आणि मध्यम परत आला.

डायरेक्टमध्येही एक खटका बघून घ्या. काही इंटरफेसवर मोनो आणि स्टिरिओ असे दोन पर्याय असतात. स्कार्लेट २आय२ या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत तेच आहे. स्टिरिओवर ठेवलं तर पहिल्या इनपुटचा माइक फक्त डाव्या कानात येतो. एकट्या गायकाला अर्ध्या डोक्यात स्वतःचा आवाज म्हणजे अर्धाच आवाज. मोनो करा.

समतोल कसा लावायचा

पहिलं काम गेनचं, आणि ते हेडफोनशिवाय. गाण्यातली सगळ्यात जोराची ओळ गायला सांगा, अर्धीमुर्धी नाही, पूर्ण ताकदीने. मीटरची टोकं उणे १२ च्या आसपास राहतील असा गेन लावा. खऱ्या टेकमध्ये माणूस तालमीपेक्षा जोरात गातो, ती जागा शिल्लक हवी. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर यापेक्षा वर चढवून काही मिळत नाही, त्यामुळे मीटर लाल होण्याच्या जवळ नेण्याचा मोह सोडा. नॉब लागला की मी त्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून पेनाने रेघ मारतो आणि टेपवर वाद्याचं नाव लिहितो. त्या वाद्याचं काम संपेपर्यंत रेघ हलत नाही.

दुसरं काम मागच्या ट्रॅकचं. ते एकेक करून खाली घेऊ नका. सगळे एका फोल्डर ट्रॅकमध्ये (अनेक ट्रॅक एकत्र धरणारा ट्रॅक) घाला आणि फोल्डरचा एकच फेडर खाली ओढा. सुरुवातीला १० डेसिबल. आतल्या फेडरांना धक्का लागत नाही, पेटी-तबल्याचं आपसातलं नातं तसंच राहतं, आणि काम झाल्यावर फोल्डर शून्यावर आणला की सगळं पूर्ववत. नवा ट्रॅक फोल्डरच्या बाहेर ठेवायचा. काहीजण यासाठी मास्टर फेडर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या आवाजाचा मिळून एकच फेडर, ओढतात. डायरेक्ट मॉनिटरिंगमध्ये त्यानेही काम होतं, पण सॉफ्टवेअरमधून ऐकत असाल तर मास्टरबरोबर तुमचा स्वतःचा आवाजही खाली जातो. शिवाय मास्टर परत वर आणायचा राहून जातो आणि मग गाणं एवढं हळू का वाजतंय म्हणून दुसऱ्या दिवशी शोधाशोध. फोल्डरच बरा.

ट्रॅक दहाच्या वर गेले असतील तर मी एक पाऊल पुढे जातो. आतापर्यंतच्या कामाची एक कच्ची स्टिरिओ फाइल काढतो, ती एकाच ट्रॅकवर ठेवतो आणि बाकी सगळं म्यूट करतो. लॅपटॉपवरचा ताणही उतरतो आणि ऐकायला दोनच गोष्टी उरतात: ती फाइल आणि आपण.

तिसरं, आणि अगदी शेवटी, हेडफोनचा नॉब. मागचं १० डेसिबल खाली गेलंय, म्हणजे आता नॉब बिनधास्त वर घेता येतो. नॉबबरोबर डायरेक्टमधला तुमचा आवाजही वर येतो. जे गेन वाढवून मिळवायला बघत होतो ते मिळतं, आणि रेकॉर्ड होणाऱ्या आवाजाला धक्काही लागत नाही.

तुमच्या इंटरफेसवर इनपुट आणि प्लेबॅक यांच्यात फिरणारा मिक्सचा नॉब असेल, स्टाइनबर्ग यूआर२२ एमके२, बेरिंजर यूएमसी२०४एचडी, प्रीसोनस ऑडिओबॉक्स यूएसबी ९६ यांच्यावर तो आहे, तर दुसरं काम त्यानेच अर्धं होतं. तरी फोल्डरची सवय ठेवा. नॉब कुठे होता ते पुढच्या रविवारी आठवत नाही, फोल्डरचा आकडा प्रोजेक्टमध्ये लिहिलेला राहतो.

नॉब शेवटपर्यंत नेऊनही आवाज पुरत नसेल तर हेडफोनच्या डब्यावर ओहमचा (विद्युत अडथळ्याचा) आकडा पाहा. बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. दिसायला भाऊ-भाऊ, पण २५० वाल्याला यूएसबीवर चालणारा छोटा इंटरफेस अनेकदा पुरा पडत नाही. आणि ब्लूटूथ हेडफोन ओव्हरडबला अजिबात चालत नाही. त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो. त्यावर कोणतीही लेव्हल लावली तरी सम हुकणार.

गाणाऱ्याला वेगळं, वाजवणाऱ्याला वेगळं

इथे मी सगळ्यात जास्त चुका केल्या, कारण सगळ्यांना एकच मिक्स देत होतो.

मावशी आयुष्यभर देवळात, मोकळ्या जागेत गायलेली. तिने बंद हेडफोन पहिल्यांदा लावले आणि दोन ओळींत थांबली. कान झाकले की आपला आवाज हाडांतून जास्त ऐकू येतो आणि त्यातही खालचा, घुमणारा भाग फुगतो. स्वतःचा आवाज ओळखीचा वाटत नाही. शेवटी तिला सांगितलं, “मावशी, उजवा कान मोकळा ठेव.” तिचा चेहराच उजळला. पण एक कान मोकळा ठेवायचा तर त्या बाजूचा आवाजही बंद करावा लागतो. नाहीतर उघड्या पडलेल्या कपातून तबला आणि टाळ थेट माइकमध्ये शिरतात. मी फोल्डर पूर्ण डावीकडे पॅन केला, म्हणजे त्याचा आवाज फक्त डाव्या कानात सोडला. कच्ची फाइल मोनो असेल तर काही हरवत नाही.

मागचं संगीत फार मोठं असेल तर माणूस ओरडायला लागतो. गोंगाटात आवाज आपोआप चढतो, हे फ्रान्सचे डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्येच मांडलं आणि आजही त्याला त्यांचंच नाव आहे. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये तो परिणाम मी रोज पाहिलाय: फोल्डर उणे ४ वर असताना मावशीचा अंतरा ताणलेला, सूर किंचित चढा, फोल्डर उणे ११ वर नेला आणि तीच ओळ निवांत आली. उलटही होतं. स्वतःचा आवाज फार मोठा दिला की गाणारा हात आखडतो, पुटपुटल्यासारखं गातो आणि सूर लटकतो. त्यामुळे टेक ऐकताना सूर कुठल्या बाजूला ढळतोय ते पाहा. सतत चढा असेल तर मागचं खाली घ्या. सतत उतरता असेल तर गाणाऱ्याला थोडं कमी द्या.

तंबोऱ्याला मात्र फोल्डरबाहेर ठेवा. मी तो वेगळ्या ट्रॅकवर घेतो आणि बाकी सगळं १० डेसिबल उतरवलं तरी त्याला फार तर ३ उतरवतो. सुराचा आधार गेला की बाकी समतोल कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. पेटीचं मात्र उलट. ती सतत भरलेली वाजते आणि गळ्याच्याच पट्टीत असते, म्हणून गाताना गळ्यावर पांघरूण घालते. गायकाच्या कानात पेटीच्या ट्रॅकला आणखी २-३ डेसिबल उतार दिला की जागा होते. हा एकच फेडर मी फोल्डरच्या आत हलवतो आणि ट्रॅकच्या नावापुढेच मूळ आकडा लिहून ठेवतो.

तबलावादकाला हेडफोनमध्ये तबला द्यायचाच नाही. हे उमगायला मला दोन अभंग लागले. तबला त्याच्या मांडीसमोर आहे, बंद हेडफोनमधूनही तो त्याला पुरेसा ऐकू येतो. डग्ग्याची घुमक तर हातातून आणि जमिनीतून पोचते. त्यात डायरेक्टमधून पुन्हा तबला दिला की पेटी बुडते, मग तो “पेटी दे, पेटी दे” म्हणत राहतो, मी पेटी वाढवत राहतो, आणि ती त्याच्या हेडफोनमधून गळून तबल्याच्या माइकमध्ये बसते. डायरेक्ट बंद केलं. त्याच्या कानात फक्त पेटी आणि कच्चा गळा ठेवला. पहिल्याच टेकला काम झालं. पखवाजालाही हेच लागू.

टाळवाल्याला एक वेगळीच काळजी. टाळ कानाजवळ फार टोचतो. त्याला स्वतःचा टाळ हेडफोनमध्ये देणं म्हणजे शिक्षा. त्याच्या कानातून टाळ पूर्ण काढा आणि ठेका वाढवा.

मेट्रोनोमबद्दल माझं मत स्पष्ट आहे: अभंगाला टिकटिक देऊ नका. तिच्यावर भजनी ठेका लाकडासारखा येतो. मी आधी पेटी आणि गळा एकत्र, एका बैठकीत कच्चे घेतो, त्यावर तबला चढवतो, मग तो कच्चा ट्रॅक काढून टाकून पेटी आणि गळा नव्याने घेतो. टिकटिक द्यावीच लागली तर गाण्याच्या शेवटच्या ओळीआधी ती बंद होईल अशी कापा. शेवटचा सूर विरत असताना मागून टिकटिक ऐकू येणं हा घरच्या रेकॉर्डिंगमधला सर्रास दोष आहे, आणि तो नंतर पुसता येत नाही.

उशीर: लेव्हलच्या वेषात येणारा दोष

डायरेक्ट मॉनिटरिंग नसेल, किंवा इलेक्ट्रिक गिटारसारखं काही सॉफ्टवेअरमधल्या ॲम्पमधून वाजवायचं असेल, तर आवाज कंप्युटरमध्ये जाऊन येणार. कंप्युटर आवाज थोडा थोडा जमवून मग पुढे देतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६, १०२४ म्हणजे २३.२. हे एका बाजूचं. जाऊन-येऊन दुप्पट, वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरचा वेळ. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तबला दहा-अकरा फुटांवर ठेवून वाजवल्यासारखं. वादकाला ते चालतं. गाणाऱ्याला हाडांतून येणारा आवाज तर ताबडतोब मिळतो, म्हणून त्याला त्याहून कमी उशीरही खटकतो, आणि तक्रार पुन्हा तीच येते: “मला मी नीट ऐकू येत नाही.” लेव्हल वाढवून हे सुटत नाही. रेकॉर्ड करताना बफर १२८ वर आणा, इंटरफेसबरोबर आलेला एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर उशीर कमी ठेवणारा) वापरा, आणि मास्टरवर लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारं प्लगइन) किंवा लिनिअर फेज ईक्यू (सुरांचा पोत बदलणाऱ्या प्लगइनचा एक प्रकार) असेल तर काढा. हे प्लगइन पुढचं पाहून काम करतात आणि त्यासाठी सगळा आवाज थांबवून धरतात. मिक्सच्या वेळी बफर पुन्हा १०२४ करा.

हा प्रश्न कंप्युटरने आणलेला नाही. टेपच्या मशीनमध्ये रेकॉर्डचं हेड आणि प्लेबॅकचं हेड वेगळ्या जागी असायचं, त्यामुळे जुना ट्रॅक ऐकत नवा घेतला की दोघांत अंतर पडायचं. ॲम्पेक्स कंपनीने रेकॉर्डच्या हेडमधूनच जुना ट्रॅक ऐकवण्याची सोय काढली, आणि अशा आठ ट्रॅकच्या त्यांच्या पहिल्या मशीनांपैकी एक १९५७ मध्ये अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे गेलं. घरात बसून एकावर एक थर चढवणाऱ्यांचे ते पूर्वजच. त्या हेडमधून ऐकू येणारा आवाज तेवढा चांगला नसायचा. फक्त वाजवणाऱ्याच्या कानासाठी असलेला, अंतिम मिक्सपेक्षा वेगळा आवाज ही कल्पना तिथपासून चालत आलेली आहे.

कानाला सगळं ठीक वाटतं पण परत ऐकताना नवा ट्रॅक किंचित मागे-पुढे बसतो, असं होत असेल तर एक चाचणी करा. टिकटिकचा ट्रॅक लावा, हेडफोनचा एक कप माइकला टेकवा आणि रेकॉर्ड करा. मग दोन्ही ट्रॅक मोठे करून पाहा. रेकॉर्ड झालेली टिक मूळ टिकच्या जागीच हवी. नसेल तर तेवढं अंतर सेटिंगमध्ये भरा: रीपरमध्ये रेकॉर्डिंगच्या प्रेफरन्समध्ये मॅन्युअल ऑफसेट आहे, ऑडॅसिटीत लेटन्सी कॉम्पेन्सेशन (उशिराची भरपाई) आहे आणि ते सुरुवातीला उणे १३० मिलिसेकंद असतं, जे तुमच्या मशीनला जुळेलच असं नाही. ही चाचणी नवा इंटरफेस किंवा नवा ड्रायव्हर आला की पुन्हा.

“आवाज कोरडा वाटतो”

डायरेक्ट मॉनिटरिंगची एक खरी उणीव: त्यात घुमारा नसतो. देवळात गायलेल्या माणसाला तो कोरडेपणा सहन होत नाही, आणि कोरडं वाटलं की तो जास्त लेव्हल मागतो. इथे दोन्ही वाटा वापरायच्या, पण चलाखीने. गाण्याच्या ट्रॅकचं सॉफ्टवेअर मॉनिटरिंग चालू करा, मात्र त्याचं मास्टरला जाणं बंद करा. त्या ट्रॅकवरून एक सेंड (आवाजाची जोडवाट) रिव्हर्बच्या, म्हणजे घुमारा देणाऱ्या प्लगइनच्या ट्रॅकला द्या आणि रिव्हर्ब शंभर टक्के ओला ठेवा, म्हणजे त्यातून मूळ आवाज न येता फक्त घुमारा येईल. आता मूळ गळा डायरेक्टमधून ताबडतोब येतो, आणि कंप्युटरमधून फक्त घुमारा येतो. घुमारा १०-१५ मिलिसेकंद उशिरा आला तर बिघडत नाही. खऱ्या गाभाऱ्यातही भिंतीवरून परतणारा आवाज उशिराच येतो. मूळ आवाजाची दुसरी प्रत नसल्यामुळे मघाचा पोकळपणाही येत नाही. रेकॉर्ड कोरडंच होतं. हे केल्यावर मावशीने स्वतःहून हेडफोनचा नॉब खाली घ्यायला सांगितला.

नॉब खाली यावा अशी माझी नेहमीच इच्छा असते. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटं. पंचवीस टेकचा रविवार हेडफोन लावून काढणाऱ्याने हे आकडे गांभीर्याने घ्यावेत. दर तासाला मी हेडफोन उतरवतो, चहा करतो, आणि परत आल्यावर नॉब आधीच्यापेक्षा एक खूण खाली लावून सुरुवात करतो. बहुतेक वेळा तेवढा पुरतो.

कोरसचा थर

एक अडचण या सगळ्या उपायांना दाद देत नाही. धृपदाच्या साथीसाठी मावशीकडूनच तीच ओळ चार वेळा गाऊन घ्यायची होती. दुसऱ्या थराला ती म्हणाली, ऐकू येतंय, पण यातली मी कोणती? तोच गळा, तेच शब्द, तोच सूर. लेव्हल कितीही वर-खाली केली तरी कान दोघींना वेगळं करू शकत नव्हता. आधीचा थर डावीकडे पूर्ण पॅन केला आणि डायरेक्टमधला आवाज मध्ये राहू दिला, तेव्हा तिला स्वतःची जागा सापडली. तिसऱ्या थराला दुसरा थर म्यूट केला, फक्त पहिला डावीकडे ठेवला. चौथ्याला पहिलाही काढला आणि नुसत्या तंबोऱ्यावर, ठेक्यावर गायला सांगितलं. चारही एकत्र लावले तेव्हा शब्दांची अखेर एका ठिकाणी नव्हती, ‘विठ्ठला’तला ‘ला’ चार जागी संपत होता. तेवढ्यापुरतं पहिला थर परत डाव्या कानात दिला आणि फक्त ती अक्षरं पंच करून, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करून घेतली.